रात्र की वार्निश?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सकाळी लवकर उठायचंय, आणि मी एका मुलीचे केस निळे की हिरवे या प्रश्नात अडकून पडलोय. मुलगी ओळखीची नाही. कुणीतरी चित्रकाराने ती काढली, ऑनलाइन चित्रसंग्रहात टाकली आणि तो निवांत झोपी गेला. चित्रात काय काय दिसतं ते सांगणारे शब्द, म्हणजे टॅग, लावायचं काम माझं. माझंच का? तर दोन वर्षांपूर्वी 'स्वयंसेवक व्हा' या बटणावर मी बोट ठेवलं होतं. पगार नाही, सुट्टी नाही, वर लोकांची बोलणी फुकट.

निळे म्हणावं तर हिरवी झाक मारतेय. यादीत 'अ‍ॅक्वा हेअर' (निळसर-हिरवे केस) असा स्वतंत्र टॅग आहे. म्हटलं, सुटलो. पण त्या टॅगखालची चित्रं उघडली तर निम्मी मला चक्क निळी वाटली. पडद्याचा उजेड वाढवला, केस निळे. कमी केला, हिरवे. फोनवर पाहिले तर राखाडी. शेवटी बायकोला हाक मारली. तिने लांबूनच एक नजर टाकली आणि म्हणाली, "मोरपंखी." जगातला सर्वात अचूक टॅग. पण यादीत नाही.

बरं, एवढ्यावर भागत नाही. केसांची टोकं गुलाबी आहेत. मग हा 'ग्रेडियंट' (हळूहळू रंग बदलणारे), 'टू-टोन' (दोन रंगांचे), 'स्ट्रीक्ड' (मधल्या बटा रंगवलेले) की आतल्या बाजूने रंगवलेले केस? चारही टॅग वेगळे, आणि प्रत्येकाचे राखणदार वेगळे. (माझ्या स्वतःच्या डोक्याला सध्या 'विरळ' हा एकच टॅग पुरतो.) त्यातून तिला मांजराचे कान आहेत. तिथे मात्र यंत्र दयाळू आहे: 'मांजराचे कान' लिहिलं की 'प्राण्याचे कान' आपोआप चिकटतं. मग मांजराच्या कानांखाली माणसाचेही कान दिसतात का, हे बघायला मी चित्र चारशे टक्के मोठं केलं. दिसतात. म्हणजे कान एकूण चार. पुढचा अर्धा तास 'चार कान' असा टॅग आहे का हे शोधण्यात गेला.

नवशिक्याला पहिल्याच दिवशी एक नियम पढवतात: जे माहीत आहे ते नाही, जे दिसतं तेच लिहा. ऐकायला किती सोपं! या नियमाने मला रेम्ब्राँ या डच चित्रकाराच्या दारात नेऊन आपटलं. एका जुन्या चित्रांच्या संग्रहात त्याचं १६४२ सालचं 'नाइट वॉच', म्हणजे एका बंदूकधारी पथकाचं चित्र, माझ्या वाट्याला आलं. सगळीकडे अंधार, चित्राच्या नावातच रात्र. मी 'रात्र' असा टॅग लावला. दुसऱ्या दिवशी तो गायब. पुन्हा लावला, पुन्हा गायब. तिसऱ्यांदा समोरच्या गृहस्थाने खुलासा धाडला, की महाशय, हा दिवस आहे. हे नाव चित्राला शंभरावर वर्षांनी चिकटलं, तोवर वार्निश काळवंडून सगळं अंधारलं होतं. १९४० च्या दशकात वार्निश काढलं तेव्हा ऊन दिसायला लागलं.

मी कळवलं, "मला रात्र दिसते. नियम दिसण्याचा आहे."

त्याचं उत्तर आलं, "मला वार्निश दिसतं."

या वादात नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी कुणी तिसऱ्यानेच विचारलं, की कुत्रा कुठाय? उजव्या कोपऱ्यात ढोलवाल्यावर भुंकणारा धडधडीत कुत्रा आम्हा दोघांनाही दिसला नव्हता! बरं, कुत्रा तरी सरळ असावा. 'आयकॉनक्लास' म्हणून चित्रविषयांची एक मोठी वर्गवारी आहे, नेदरलँड्समधल्या लायडनचे प्राध्यापक हेन्री व्हान द वाल यांनी उभी केलेली. ते १९७२ साली वारले आणि ती छापून पुरी व्हायला १९८५ साल उजाडलं, यावरून कामाचा अंदाज यावा. तिच्यात कुत्र्याचा क्रमांक ३४बी११ आणि मांजराचा ३४बी१२. आता क्रमांकाचा पहिला आकडा २ म्हणजे निसर्ग आणि ३ म्हणजे माणूस. सिंह निसर्गात आहे, कुत्रा-मांजर मात्र माणसाच्या घरात. मांजर पाळलेल्या कुणालाही हे पटेल, फक्त घर कुणाचं याबद्दल मांजराचं मत वेगळं पडेल.

त्याच चित्रात उजेडात उभी असलेली एक छोटी मुलगी आहे. तिच्या कमरेला मेलेली कोंबडी उलटी टांगलीय. मी 'कोंबडी' लिहिलं. खुलासेवाले हजरच. कोंबडीचे पंजे हे त्या बंदूकधारी पथकाचं चिन्ह आहे म्हणे, तेव्हा 'बोधचिन्ह' लिहा. पानॉफ्स्की नावाच्या पंडिताने १९३९ साली चित्र बघण्याच्या तीन पायऱ्या सांगून ठेवल्यात: आधी कोंबडी दिसते, मग कोंबडीचा अर्थ कळतो, आणि शेवटी अशी कोंबडी काढणाऱ्या काळाचं मन उमगतं. मी रात्री साडेअकराला पहिल्या पायरीवर धापा टाकतोय. मला ती कोंबडी आहे की कोंबडा हेही ठरवता येईना.

ते जाऊ दे. आपण केसांवर होतो. एक वाजून गेल्यावर मी हात टेकले. 'निळे' लावलं, 'हिरवे' लावलं, मनाला टोचत होतं तरी 'अ‍ॅक्वा'ही लावलं, आणि संगणक तसाच उघडा टाकून झोपलो.

सकाळी उठून पाहतो तो खात्यावर लाल पट्टी. सात दिवस टॅग लावायला बंदी. कारण: यादीत नसलेला टॅग एकाच रात्रीत ६३ चित्रांना लावल्याबद्दल. टॅग उघडून पाहिला. मोरपंखी. त्याखाली त्रेसष्ट मुली, आणि सगळ्यांचे केस अगदी एका रंगाचे. त्यात मला एकही चूक काढता आली नाही.

"हे तू केलंस?" मी विचारलं.

"मग? जे दिसलं ते लिहिलं," बायको म्हणाली. "आणि त्या तुझ्या चित्रात रात्र आहे म्हणतोस, तर सगळ्यांच्या सावल्या कुठून आल्या?"