लिलाव झाला नाही म्हणजे फुकट दिलं? ‘आकाश विकलं’वाल्या फॉरवर्डचा समाचार

‘जागे व्हा’पासून सुरू होणारा आणि ‘किमान दहा ग्रुपवर पाठवा’ने संपणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी मधला ऐवज थोडक्यात सांगतो. सरकारने उपग्रह इंटरनेटचा स्पेक्ट्रम (म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे) लिलाव न करता एका विदेशी कंपनीला ९९ वर्षांसाठी फुकट देऊन टाकला, आणि हा टूजीपेक्षा मोठा घोटाळा आहे. आता मोबाइलचे टॉवर बंद होणार, घरच्या वायफायला परवाना लागणार, उपग्रहाच्या लहरींनी पिकं करपणार, अतिरेक्यांना रान मोकळं होणार. एवढं सगळं झाल्यावर शेवटी एक आनंदवार्ता येते: वाशिम, नंदुरबार, गडचिरोली आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी शेतात ‘सॅटेलाइट टॉवर’ बसवून घेतला तर महिना ३५ हजार भाडं आणि वर घसघशीत आगाऊ रक्कम. खालच्या नंबरवर सातबारा पाठवा.

म्हणजे वर देश विकल्याचा आक्रोश आणि खाली त्याच विक्रीतला आपला वाटा घेऊन जायचं आमंत्रण. ही विसंगती लिहिणाऱ्याला दिसली नाही, की वाचणाऱ्याला दिसणार नाही याची त्याला खात्री होती, देव जाणे.

एरवी मी असल्या गोष्टींच्या वाटेला जात नाही. पण हा मेसेज मला आमच्या मामांनी पाठवला. रिसोड तालुक्यात त्यांची कोरडवाहू जमीन आहे, आणि सोयाबीनच्या भावाचं तर विचारूच नका. मेसेजखाली त्यांनी लिहिलं होतं, “पाहजो रे, सातबारा धाडू काय यायले? फी बी मांगून राह्यले.” हे वाचून माझं डोकं फिरलं. म्हणून आधी या टॉवरचंच बघू. बाकीच्या मुद्द्यांनी फार तर गैरसमज होईल, याने खिसा कापला जातो.

मामांना मेसेजपाठोपाठ एक पत्रही आलं होतं. वर अशोकस्तंभ, शेजारी ट्रायचं बोधचिन्ह, तेही कुठूनतरी उचलून ताणल्यामुळे फिसकटलेलं. मजकूर अर्धा हिंदी, अर्धा मराठी. ‘ना हरकत प्रमाणपत्र शुल्क, परत मिळणारे’ असं जाड ठशात. आणि त्याखाली पैसे भरण्यासाठी एका माणसाच्या नावाचं बचत खातं. भारत सरकारचं शुल्क कुणा एका गृहस्थाच्या बचत खात्यात जमा होतं, हे मला तरी नवीन होतं.

ट्राय ही दूरसंचार क्षेत्रावर लक्ष ठेवणारी सरकारी नियामक संस्था आहे. टॉवर उभारायला ती ना हरकत प्रमाणपत्र देत नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही आणि कसला करही लावत नाही. ट्राय आणि दूरसंचार विभाग दोघेही ही जाहीर सूचना कित्येक वर्षं देत आलेत, कारण हा धंदाही तितकाच जुना आहे. पूर्वी फोरजीचा टॉवर असायचा, मग फाइव्हजीचा आला, आता सॅटेलाइटचा. पद्धत तीच. आधी नोंदणीचे दोन-अडीच हजार, मग ना हरकतीचे, मग कराराच्या मुद्रांकाचे, मग विम्याचे, मग ‘जीएसटी भरला की आगाऊ रक्कम लगेच सुटते’. पहिले पैसे गेलेले असतात म्हणून माणूस दुसरे भरतो. एक दिवस नंबर बंद लागतो.

शिवाय या इंटरनेटला शेतात टॉवर लागतच नाही. ग्राहकाच्या छतावरची डिश थेट उपग्रहाशी बोलते, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. उपग्रहाला जमिनीवरच्या इंटरनेटशी जोडणारी जी गेटवे केंद्रं लागतात ती देशभरात मोजकीच असतात, जाड फायबरला जोडलेली असतात आणि सुरक्षा यंत्रणांच्या परवानगीशिवाय सुरू होत नाहीत. त्यांच्यासाठी कुणी व्हॉट्सॲपवर सातबारे गोळा करत हिंडत नाही.

मग चार जिल्ह्यांची नावं आली कुठून? ती खरी आहेत, म्हणूनच मामा फसता फसता राहिले. महाराष्ट्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत स्टारलिंक या इलॉन मस्क यांच्या उपग्रह इंटरनेट कंपनीसोबत इरादापत्रावर सह्या केल्या आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा दुर्गम आणि मागास जिल्ह्यांचा उल्लेख आहे. विषय आहे सरकारी संस्था, ग्रामीण वस्त्या आणि सार्वजनिक सुविधांना उपग्रहाने इंटरनेट पुरवण्याचा, तोही केंद्राच्या सगळ्या परवानग्या मिळाल्यावर. शेतकऱ्याची जमीन भाड्याने घेण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. बातमीतली नावं उचलायची आणि आपली थाप त्यांना चिकटवायची, एवढीच काय ती यांची हुशारी.

असा मेसेज आला तर सातबारा, आधार, कोरा चेक यातलं काहीही पाठवू नका. संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ नावाची सोय आहे, तिथे तक्रार करा. पैसे गेलेच असतील तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, ताबडतोब १९३० ला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवली गेली तरच काही हाती लागतं.

आता तो भारदस्त मुद्दा: लिलाव केला नाही, म्हणजे घोटाळा.

या समीकरणाला इतिहास आहे, ते मला मान्य. जानेवारी २००८ मध्ये ए. राजा यांच्या खात्याने ‘आधी येईल त्याला आधी’ म्हणत २००१ च्या दराने टूजीचे परवाने वाटले. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने १.७६ लाख कोटींच्या संभाव्य तोट्याचा आकडा दिला आणि २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. (फौजदारी खटल्यात २०१७ साली सगळे निर्दोष सुटले, पण तो वेगळा विषय.) फॉरवर्डवाल्यांचं वाचन इथेच थांबतं. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला, राष्ट्रपतींनी मागितलेल्या अभिप्रायात सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की प्रत्येक नैसर्गिक संसाधनाचा लिलावच झाला पाहिजे असं राज्यघटना म्हणत नाही. पद्धत कोणतीही असो, ती मनमानी नसावी आणि लोकहिताची असावी. निकाल फेब्रुवारीपर्यंतच वाचायचा आणि सप्टेंबर गिळून टाकायचा, याला अर्धवट म्हणतात.

२०२३ च्या दूरसंचार कायद्यात हेच लिहून ठेवलंय. नियम लिलावाचा, अपवाद पहिल्या अनुसूचीतले. संरक्षण, आपत्ती व्यवस्थापन, हवामान अशा कामांसोबत काही उपग्रह सेवाही त्या अनुसूचीत आहेत, आणि त्यात डीटीएच आहे. तुमच्या पत्र्यावरच्या छत्रीपर्यंत मालिका आणि क्रिकेट ज्या स्पेक्ट्रमवरून येतात, तो लिलावात विकत घेतलेला नाही. इतकी वर्षं त्यावर एकही ‘जागे व्हा’ आला नव्हता.

आणि लिलाव का नाही, याचं कारणही सरळ आहे. २०२२ च्या लिलावात कंपन्यांनी १,५०,१७३ कोटी मोजले ते हक्कासाठी. अमुक परिमंडळात, अमुक पट्टा, २० वर्षं माझ्या एकटीचा, दुसऱ्या कुणी त्यावर टॉवर चालवायचा नाही. मामांना मी असं सांगितलं की तो झाला सातबारा, एकाच्या नावावर. उपग्रहाचा स्पेक्ट्रम म्हणजे पाणंद, त्यावरून सगळ्यांच्या गाड्या जातात. डिश आकाशातल्या एका ठरावीक उपग्रहाकडे अरुंद झोत टाकते, त्यामुळे त्याच लहरींवर दुसऱ्या कंपनीची डिश दुसऱ्या उपग्रहाशी बोलू शकते. कुणी कुणाच्या आड यायचं नाही याचे नियम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पातळीवर ठरतात. अशी पाणंद लिलावात एकाला विकली तर बाकीच्यांनी जायचं कुठून? आंतरराष्ट्रीय उपग्रह सेवांच्या स्पेक्ट्रमचा लिलाव करू नये असा कायदा खुद्द अमेरिकेने २००० सालीच केला, आणि लिलावाचं अमेरिकेला वावडं आहे असं कुणी म्हणणार नाही.

‘एका विदेशी कंपनीला’ हेही खोटं. उपग्रह सेवेचे परवाने तिघांना मिळालेत: एअरटेलवाल्या भारती समूहाचा वाटा असलेली वनवेब, जिओची एसईएस या विदेशी उपग्रह कंपनीसोबतची भागीदारी, आणि सगळ्यात शेवटी, जून २०२५ मध्ये, स्टारलिंक. गंमत म्हणजे उपग्रहवाल्यांना आमच्यासारख्याच अटी लावा असा धोशा लावणाऱ्या जिओ आणि एअरटेलने मार्च २०२५ मध्ये, एका दिवसाच्या अंतराने, स्टारलिंकची सेवा विकण्याचे करार जाहीर केले. तुमच्या वतीने संतापायला निघालेल्या फॉरवर्डवाल्याला याचा पत्ताच नाही.

राहिलं ‘फुकट’. ट्रायने ९ मे २०२५ ला केलेल्या शिफारशी सार्वजनिक आहेत, कुणीही उघडून वाचाव्यात. समायोजित सकल महसुलाच्या (म्हणजे ठरावीक वजावटी करून उरलेल्या कमाईच्या) ४ टक्के आकार, स्पेक्ट्रमच्या दर मेगाहर्ट्झमागे वर्षाला किमान ३,५०० रुपये, आणि स्टारलिंक, वनवेबसारख्या खालच्या कक्षेतल्या उपग्रहांच्या इंटरनेटसाठी प्रत्येक शहरी ग्राहकामागे वर्षाला आणखी ५०० रुपये. ग्रामीण ग्राहकावर हा जादा आकार नाही. मुदत पाच वर्षं, फार तर आणखी दोन. ९९ वर्षं कुठून आली? बहुधा जमिनीच्या भाडेपट्ट्याच्या सवयीतून. आकडा ओळखीचा वाटला की माणूस पुढे पाठवतो.

बाकीचं भराभर उरकतो.

टॉवर बंद होणार: केंद्रीय राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं की स्टारलिंकला भारतात २० लाखांच्या आसपासच ग्राहक घेता येतील. देशात मोबाइल जोडण्या आहेत ११० कोटींच्या वर. टॉवर राहणार, आणि तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये रेंज न येणंही राहणार.

वायफायला परवाना: झालंय बरोबर उलटं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे २०१८ ला खुले झाले, आणि ६ गिगाहर्ट्झचा खालचा भागही मोकळा करायचा मसुदा सरकारने मे २०२५ मध्ये काढला. नवं राउटर घेताना तुम्हाला परवाना कुणी विचारत नाही तो याच नियमांमुळे.

लहरींनी पिकं करपणार: स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून खाली पोचणारा संदेश इतका क्षीण असतो की तो पकडायला खास डिश लागते. त्याने सोयाबीन करपत असेल तर डीटीएचने अंगणातली तुळस कधीच जळायला हवी होती. २०२१ मध्ये हीच टोळी फाइव्हजीच्या चाचण्यांनी करोना होतो म्हणत होती, आणि तेव्हा देशात त्या चाचण्या सुरूही झाल्या नव्हत्या.

अतिरेक्यांचा मुद्दा एवढ्या हलक्या हाताने झटकता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मणिपूरमध्ये जप्त झालेल्या शस्त्रसाठ्यासोबत स्टारलिंकचं चिन्ह असलेलं उपकरण सापडलं होतं, आणि सेवा देशात सुरू नसतानाच ते सापडलं होतं. चिंता खरी आहे. पण त्यावर मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने उपग्रह कंपन्यांवर जादा सुरक्षा अटी घातल्या: माहितीची साठवण देशात, कायदेशीर पाळतीची सोय, सीमेपासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात विशेष देखरेख. त्या पुरेशा आहेत का यावर जाणकारांनी जरूर वाद घालावा. ‘रान मोकळं’ मात्र नाही.

आणि आता, नाइलाजाने का होईना, एक गोष्ट कबूल करतो. ‘फुकट’ खोटं असलं तरी ‘स्वस्त’ म्हणणाऱ्यांना मी खोडून काढू शकत नाही. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने, सीओएआयने, मे २०२५ मध्येच दूरसंचार विभागाकडे तक्रार केली की हे दर फार कमी आहेत. त्यांचा स्वार्थ उघड आहे, पण म्हणून मुद्दा चुकीचा ठरत नाही. पुण्यात किंवा ठाण्यात उपग्रह कंपनी आणि फायबर कंपनी एकाच ग्राहकाच्या दारात उभ्या राहणार असतील, तर दोघींच्या खर्चाची तुलना होणारच. दूरसंचार विभागालाही ४ टक्के पुरेसे वाटले नाहीत. त्याने ५ टक्के सुचवले, पण त्याच दमात शहरी ग्राहकामागचे ५०० रुपये काढून टाका म्हणाला. ट्रायने डिसेंबर २०२५ मध्ये दोन्हींना नकार दिला.

मला स्वतःला ते ५०० खटकतात, काढून टाकण्यासाठी नव्हे, इतके कमी आहेत म्हणून. महिन्याला ४२ रुपयेसुद्धा होत नाहीत. ज्या शहरी माणसाला हजारो रुपयांची डिश परवडते त्याला ते बिलात दिसणारही नाहीत. सरकारला खरंच ग्रामीण भागाला झुकतं माप द्यायचं असेल, तर शहरी आकार याच्या कितीतरी पट हवा होता. असं म्हणणाऱ्यांसाठी ट्रायने २७ सप्टेंबर २०२४ ला सल्लापत्र काढून हरकती मागवल्याही होत्या, अगदी कुणाकडूनही.