कंपनी रिव्ह्यूंबद्दलचा तो फॉरवर्ड : बोट दाखवलंय, पण भलतीकडे

नोकरी शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. अंधेरी, पवई, ऐरोली, ठाणे, कुठल्याही आयटी किंवा बॅक ऑफिसवाल्यांच्या ग्रुपात तो एकदा तरी येऊन गेलेला असतो. ग्लासडोअर, अँबिशनबॉक्ससारख्या साइटवरचे, कर्मचाऱ्यांनी निनावी लिहिलेले कंपन्यांचे रिव्ह्यू वाचूच नका, असं त्याचं म्हणणं. कारणं पाच. कंपनीने पैसे भरले की वाईट रिव्ह्यू गायब. वकिलाची नोटीस गेली की उरलेसुरलेही गायब. खरं लिहिलं की 'नियमात बसत नाही' म्हणून नाकारतात, म्हणजे सेन्सॉरशिप. तिथे कुणी काही तपासत नाही, कुणीही काहीही लिहितं, आणि लिहितात तेही फक्त चिडलेलेच. आणि तुमचं नाव शेवटी कंपनीला कळतंच. मग तळाला सल्ला : ओळखीच्या माणसाला विचारा, बाकी सगळं झूठ.

मी भरतीचं काम करते, म्हणजे टेबलाच्या कंपनीकडच्या बाजूला बसते. आलेल्या रिव्ह्यूंना कंपनीच्या नावाने उत्तरं लिहिणं आणि न पटलेल्यांवर हरकत नोंदवणं, हेही माझ्याच गळ्यात असतं. हरकती बहुतेक वेळा फेटाळल्या जातात, त्यामुळे या साइटींची तळी उचलायचं मला काही कारण नाही. पण या मजकुरात संशय घ्यायच्या खऱ्या जागा सोडून भलत्याच जागा धरल्या आहेत. शिवाय तिसरा मुद्दा आणि चौथा मुद्दा एकमेकांना खातात. कुणी काही तपासतच नसेल, तर नाकारतं कोण?

पैशाच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण लोकांना तोच सगळ्यात पटतो. संशयाला जागा आहे. ग्लासडोअर २००८ मध्ये सुरू झालं आणि २०१८ मध्ये जपानच्या रिक्रूट होल्डिंग्जने ते १२० कोटी डॉलरना घेतलं. इन्डीडही त्यांचंच. अँबिशनबॉक्स इन्फो एजचं, म्हणजे नोकरी डॉट कॉमवाल्यांचं. दोघांचाही मुख्य गल्ला कंपन्यांकडून भरतो. ज्याच्याबद्दल तक्रारी छापायच्या तोच गिऱ्हाईक, हा पेच खराच आहे.

पण ग्लासडोअरवर पैसे भरून मिळतं काय? सजवलेलं पान, फोटो, आपल्या पानावरून प्रतिस्पर्ध्याच्या जाहिराती हटवणं, नोकऱ्यांच्या जाहिराती, आणि एखादा आवडता रिव्ह्यू वर टाचून ठेवायची सोय. टाचलेला रिव्ह्यू तसा ओळखूही येतो. रिव्ह्यूला उत्तर द्यायला पैसे लागत नाहीत. आणि पैसे देणारी कंपनी असो वा फुकटी, रिव्ह्यू काढायचे नियम एकच, असं ते जाहीरपणे सांगतात. नियम लिहिलाय म्हणजे पाळला जातो असं नाही, हे मुंबईकराला कुणी शिकवायला नको. पण नियम मोडल्याचा पुरावा मजकुरात नाही. 'माझ्या मित्राचा रिव्ह्यू गेला' हा पुरावा नव्हे. तो का गेला असावा ते पुढे येईलच.

खरी गडबड उलट्या दाराने शिरते. जानेवारी २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने ग्लासडोअरवरचे लाखो रिव्ह्यू तपासले. चारशेहून जास्त कंपन्यांच्या बाबतीत एखाद्याच महिन्यात रिव्ह्यूंची संख्या एकदम उसळलेली दिसली, आणि त्या उसळीत पाच स्टारवाल्यांचा भरणा जास्त होता. कर्मचाऱ्यांना छान छान लिहायला सांगणाऱ्या कंपन्याही त्या बातमीत होत्या. वाईट रिव्ह्यू काढायचा खटाटोप कशाला, वर चांगल्यांचा ढीग घातला की झालं. ग्लासडोअरचा एकूण आकडा नुसती सरासरी नसतो, ताज्या रिव्ह्यूंना त्यात जास्त वजन असतं. म्हणून नवा ढीग लगेच लागू पडतो.

हे कसं होतं ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. इंडक्शनच्या, म्हणजे नव्यांना कंपनीची ओळख करून द्यायच्या आठवड्यात, अजून कँटीनचा रस्ताही नीट ठाऊक नसलेल्या पोरांना लिंक जाते : दोन मिनिटांत भरा. किंवा अप्रेझलचं पत्र हातात पडल्यावर. बक्षीस देऊन किंवा दडपण आणून रिव्ह्यू लिहून घेणं नियमाने बंद आहे, विनंती करणं मात्र चालतं. आता टीम लीड मागे उभा राहून करतो ती विनंती कशी असते, ते तुम्हीच ठरवा. तपासणाऱ्याची अडचण अशी की यातला एकेक रिव्ह्यू सुटा पाहिला तर निर्दोष असतो. खरा कर्मचारी, खरा ईमेल, शिवी नाही, नाव नाही. खोट एका रिव्ह्यूत नसते, सगळ्यांच्या तारखा शेजारी ठेवल्या की दिसते. साइटींना धारेवर धरायचं असेल तर इथे धरा. आणि वाचणाऱ्याने आकड्याआधी तारखा पाहाव्यात. वर्षभर महिन्याला दोन-तीन आणि मार्चमध्ये अचानक चाळीस, असं दिसलं तर ते चाळीस बाजूला ठेवून उरलेले वाचा.

नोटिशीचं म्हणाल तर कायदा त्या फॉरवर्डच्या बाजूने नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ ने दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल साइटला अटींसह संरक्षण दिलं आहे. २४ मार्च २०१५ चा श्रेया सिंघल निकाल लोकांना ऑनलाइन लिखाणाबद्दल शिक्षा करणारं कलम ६६अ रद्द झालं म्हणून आठवतो. पण त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की मजकूर काढायची जबाबदारी साइटवर येते ती न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना आल्यावर. फोर्टमधल्या एखाद्या वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस आली म्हणून नाही. छोट्या साइट घाबरून काढतातही, कारण त्यांना खटला परवडत नाही. मोठ्या साइटींकडे ती नोटीस बहुधा नेहमीच्या हरकतींच्याच रांगेत जाते.

नोटिशीचा खरा धाक साइटला नसतो, लिहिणाऱ्याला असतो. बदनामीचा दिवाणी दावा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या ४९९-५०० खाली, दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. त्याच कलमाला अपवादही आहेत : सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य, काही बाबतींत सद्भावनेने दिलेलं मत. म्हणून 'पगार उशिरा येतो' असं लिहिणारा आणि 'मालक चोर आहे' असं लिहिणारा, दोघांची अवस्था सारखी नसते.

इथूनच आपण तिसऱ्या मुद्द्यावर येतो. सेन्सॉरशिप. याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळा गैरसमज इथे आहे.

'खरं लिहिलं म्हणून काढलं' असं म्हणताना आपण गृहीत धरतो की साइट खरंखोटं ठरवते. ती ठरवत नाही. ठरवूही शकत नाही. गोरेगावच्या एखाद्या ऑफिसात गेल्या दिवाळीला बोनस मिळाला की मिठाईचा डबा, हे परदेशात किंवा नोएडात बसलेल्याला कसं कळणार? दोन्ही बाजूंच्या वादात आपण पंच होत नाही, अशी ग्लासडोअरची जाहीर भूमिका आहे. माझ्या हरकती परत येतात त्याही याचमुळे. 'हे विधान चुकीचं आहे, आमच्याकडे रेकॉर्ड आहे' एवढ्यावर रिव्ह्यू हटत नाही. उत्तर लिहा, म्हणतात. कंपनीच्या बाजूला बसलेल्याला हे फार झोंबतं, पण यात कर्मचाऱ्याचा फायदा आहे. खरंखोटं साइट ठरवू लागली तर पुरावे कुणाकडे जास्त असणार? मस्टर, सॅलरी स्लिपा, मेल, वकील, सगळं कंपनीकडे.

साइट पाहते ते एवढंच की मजकूर नियमात बसतो का. ग्लासडोअरचे नियम ढोबळमानाने असे : शिवीगाळ नको, धमकी नको, कंपनीची गोपनीय माहिती नको, एका माणसाने एका कंपनीवर वर्षाला एकच रिव्ह्यू, आणि सगळ्यात वरच्या फळीतल्या साहेबांखेरीज कुणा ओळखू येणाऱ्या व्यक्तीवर टीका नको. आपल्याकडचे रिव्ह्यू या शेवटच्या नियमावर आपटतात. आपण कंपनी सोडत नाही, आपण मॅनेजर सोडतो. मग राग त्याच्या नावानेच कागदावर उतरतो.

समजा, कुणी लिहिलं : 'अमुक मॅनेजर हरामखोर आहे, माणसांना गुरासारखं राबवतो, पगाराच्या नावाने बोंब.' हे जाणार. यातलं एक अक्षर खोटं नसलं तरी जाणार. आता तेच असं लिहा : 'ऑपरेशन्समध्ये शिफ्ट नऊ तासांची सांगतात, प्रत्यक्षात बारा होतात, ओव्हरटाइम मिळत नाही. पगार १ तारखेचा ठरला असून १५ नंतर येतो. प्रोबेशन सहा महिन्यांचं, ते नऊपर्यंत ताणतात.' हे राहतं. आणि एचआर म्हणून सांगते, आम्हाला घाम पहिल्याने फुटत नाही, दुसऱ्याने फुटतो. मुलाखतीला आलेली मुलं हेच वाक्य आमच्यापुढे ठेवतात.

तेव्हा नियम असणं हा अन्याय नाही. अन्याय होतो तो नियम एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला कडक लावला तर, किंवा कारण न सांगता मजकूर उडवला तर. मोजायला आपल्याकडे एक पट्टीही आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ते ग्राहकांच्या रिव्ह्यूंसाठी आहे, आणि आणलं तेव्हा ऐच्छिक होतं. पण त्यातली सचोटी, अचूकता, गोपनीयता, पारदर्शकता ही तत्त्वं नोकरीच्या रिव्ह्यूंना का लावू नयेत? आणि मजकूर चुकीने काढला असं वाटत असेल तर २०२१ च्या आयटी नियमांनुसार साइटला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव जाहीर करावं लागतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या निर्णयावर ३० दिवसांत केंद्र सरकारने नेमलेल्या अपील समितीकडे जाता येतं. हे दार कंपन्यांइतकंच कर्मचाऱ्यालाही उघडं आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कितीजण तिथे गेले?

चौथ्या मुद्द्याला थोडक्यात. तपासणी असते, आधी यंत्राची, मग गरजेप्रमाणे माणसाची. ती सदोष असते, एवढं कबूल. मात्र 'फक्त चिडलेलेच लिहितात' या शेपटीला उत्तर आहे. ग्लासडोअरवर स्वतःचं काही लिहिलंत तर बाकीचं पूर्ण वाचायला मिळतं, अशी पद्धत ठेवली गेली. २०१८ च्या एका शोधनिबंधात दिसलं की अशा देवाणघेवाणीने टोकाच्या रिव्ह्यूंचं प्रमाण घटतं, मधली माणसंही लिहिती होतात. निबंधाच्या लेखकांत ग्लासडोअरचे लोक होते, हे ध्यानात ठेवून वाचावं. मी स्वतः तीन स्टारवाले आधी वाचते.

पाचवा मुद्दा मात्र मी झटकणार नाही. साइट आपणहून कंपनीला नाव देत नाही, पण न्यायालयाने सांगितलं तर द्यावं लागतं. २०१७ मध्ये अमेरिकेत एका सरकारी कंत्राटदाराच्या चौकशीत आठ रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश अपिलातही कायम राहिला. २०२२ मध्ये झुरू या खेळण्यांच्या कंपनीने कॅलिफोर्नियाच्या न्यायालयातून तसाच आदेश मिळवला. दोन्ही वेळा ग्लासडोअर लढलं आणि हरलं. मार्च २०२४ मध्ये तर ग्लासडोअरने काही जणांच्या प्रोफाइलवर त्यांची खरी नावं परस्पर चढवल्याच्या बातम्या आल्या. ती कुठल्या न्यायालयाची सक्ती नव्हती, साइटचाच कारभार होता.

तरी आमच्याकडे रिव्ह्यू ओळखला जातो तो न्यायालयामुळे नाही. सहाजणांच्या टीममध्ये 'सिनियर एक्झिक्युटिव्ह, ठाणे शाखा, मे महिन्यात सोडलं' असं लिहिलं की नाव वेगळं लिहायची गरज उरते का? त्यात ज्याच्या त्याच्या बोलण्यातली ठेवणीतली वाक्यं. हुद्दा मोघम ठेवा, ऑफिसचा ईमेल आणि लॅपटॉप वापरू नका. आणि रिलिव्हिंग लेटर, फुल अँड फायनल (म्हणजे शेवटच्या हिशेबाचे पैसे) हातात पडेपर्यंत थांबा. पगार थकला असेल तर रिव्ह्यू हा त्यावरचा इलाज नव्हे, त्यासाठी बीकेसीत कामगार आयुक्तांचं कार्यालय, कामगार भवन आहे.

राहिला तळाचा सल्ला, ओळखीच्या माणसाला विचारा. जरूर विचारा. फक्त तो ओळखीचा माणूस आज त्याच कंपनीत असेल, तर तुम्ही रुजू झाल्यावर त्याला रेफरल बोनस, म्हणजे माणूस आणून दिल्याचं बक्षीस, मिळणार आहे का, हेही विचारा. बऱ्याच कंपन्यांत तो मिळतो, आणि बऱ्याचदा तुम्ही काही महिने टिकल्यावरच. तुम्हाला 'मस्त कंपनी आहे रे, ये' म्हणणाऱ्याचा त्यात हिस्सा असतो, तोही निनावी रिव्ह्यूवाल्यापेक्षा जास्त उघड. त्याच्याशी बोलायला जाण्याआधी साइटवरचे दहा-बारा रिव्ह्यू वाचा, जी तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत पुन्हा पुन्हा येते ती टिपून घ्या, आणि तीच त्याच्यापुढे ठेवा : प्रोबेशन खरंच लांबवतात का, व्हेरिएबल (पगारातला कामगिरीवर ठरणारा भाग) गेल्या वर्षी किती टक्के हातात आलं, शनिवारचं काय.