अंगावर किती घालणार, आणि कुणाच्या हातात राहणार?

भाचीचं लग्न ठरल्यापासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद चाललाय. ताई म्हणते, १५ तोळे तरी पोरीच्या अंगावर घालायलाच हवेत. दादा म्हणतो, या भावात दागिने कसले करता, पैसे गोल्ड ईटीएफमध्ये, म्हणजे सोन्याच्या भावाशी जोडलेल्या फंडात टाका. मी जकार्तात बसून हे वाचते आणि मला इंडोनेशियातलंच सुंबा बेट आठवतं.

गेल्या वर्षी तिथल्या वाइंगापू शहराजवळच्या प्राइल्यू गावात गेले होते. पाहुण्याला तिथेही आधी पान-सुपारी देतात. मग घरातल्या आजींनी कापडाची पुरचुंडी सोडून ‘मामुली’ नावाची वस्तू दाखवली. तळहातावर मावणारा सोन्याच्या पत्र्याचा दागिना, मधोमध चीर, पायथ्याशी दोन इवलेसे कोंबडे. आकार स्त्रीच्या योनीचा. घराण्याच्या सगळ्यात पवित्र मामुली मात्र उंच छपराच्या माळ्यावर, मारापूंच्या म्हणजे पूर्वजांच्या हवाली असतात. त्या उगाच बाहेर काढल्या तर बघणाऱ्याच्या जिवावर बेतेल, अशी श्रद्धा. सूर्यच सोन्याचा, मावळताना त्यातलं थोडं जमिनीत उतरतं, असंही मानतात.

लग्नात हे सोनं मुलाकडचे देतात, सोबत घोडे आणि म्हशी. मुलीकडून हातविणीची इकत (सूत आधी बांधून रंगवून मग विणलेली) वस्त्रं आणि डुकरं जातात. ग्रुपवर हे लिहिलं तर वहिनी म्हणाली, "बघा, किती चांगली पद्धत!" मला नाही पटत. या देण्याला बेलिस म्हणतात; त्यापायी घरं कर्जात जातात म्हणून तिथेही वाद आहेच. आणि मामुली मिळते ती मुलीच्या माहेरच्या घराण्याला. तिच्या स्वतःच्या हातात काय उरतं?

आपल्याकडे निदान कायदा तिच्या बाजूने आहे. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितलं, स्त्रीधन तिचंच, सासरचे फक्त सांभाळणारे. त्याच वर्षीच्या नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींची यादी करून तिच्यावर वधूवरांनी सह्या करायच्या असतात. आमच्याकडे आजवर कुणीच केली नाही. माझ्या पाटल्या लग्नानंतर आठव्या दिवशी सासूबाईंच्या लॉकरमध्ये गेल्या. नंतर अकरा वर्षं मी त्या फक्त दिवाळीत पाहिल्या, तेही मागून घेऊन.

काल ताईला फोन केला. म्हटलं, तोळे किती ते तुम्ही ठरवा, पण लग्नाआधी भाचीच्या एकटीच्या नावाने लॉकर उघडा. यादी मीच करून पाठवलीय: ठुशी, पाटल्या, तोडे, बोरमाळ. प्रत्येकापुढे वजनासाठी जागा सोडलीय आणि खाली दोघांच्या सह्यांसाठी.