'सडेतोड' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: रिकामं पोट आणि कातडीचा रंग

नमस्कार सडेतोड,

2016 च्या अमेरिकी निवडणुकीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया टाकली आहे. लेखाचं म्हणणं एवढंच होतं: आर्थिक धक्का खरा, पण तो मतदाराला कुठल्या बाजूला ढकलेल हे वंश ठरवतो. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. कारखाने बंद पडले, कामगार चिडला, त्याने रिपब्लिकन ट्रम्पना मत दिलं, एवढ्या साध्या गोष्टीला मी वंश आणि लिंगभेदाचा 'मसाला' लावला. बायकांनीच बाईला, म्हणजे डेमोक्रॅट हिलरी क्लिंटनना, पाडलं, तरी खापर मी पुरुषांवर फोडलं. 2024 मध्ये लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाचे) मतदार ट्रम्पकडे वळले आणि माझा सिद्धांत निकालात निघाला. डेट्रॉइटमधून आपले बेळगावचे श्री ठाणेदार निवडून येतात, मग वंश आला कुठून? आणि शेवटी, मला 'डॉलरमध्ये पगार घेऊन गोऱ्यांना नावं ठेवायची हौस' आहे.

वाद घालायला आला असतात तर स्वागतच होतं. तुम्ही माझा पगार मोजायला आलात. सोळाशे शब्दांच्या लेखात मी एकाही मतदाराला वंशद्वेष्टा म्हटलेलं नाही, शोधून दाखवा. तो शब्द पहिल्यांदा तुमच्या प्रतिक्रियेत आला, आणि मग तो माझ्या तोंडी घालून तुम्ही माझ्यावरच भडकलात. ही पद्धत जुनीच आहे, पण दरवेळी वैताग येतोच.

एक गोष्ट मात्र बरोबर पकडलीत. माझ्या लेखातल्या पहिल्या तक्त्यातल्या ओळींची बेरीज शंभर होत नाही. उरलेली मतं गॅरी जॉन्सन, जिल स्टाइन वगैरे छोट्या पक्षांच्या उमेदवारांची आहेत, ही तळटीप द्यायला हवी होती. एकट्या मिशिगनमध्ये स्टाइन यांना 51 हजारांवर मतं पडली आणि तिथला निकाल 10,704 मतांनी लागला, म्हणजे तळटीप क्षुल्लक नाही. टाकली आहे.

आता तुमचं ते वाक्य, ज्याला खाली भरपूर लाइक आले आहेत: 'पोट रिकामं असलं की माणसाला कातडीचा रंग दिसत नाही.' वाक्य झकास आहे. खरं आहे का, ते तपासू.

आधी रिकामं पोट मोजायचं कसं? एक्झिट पोलमध्ये मतदान केंद्रातून बाहेर पडणाऱ्या ठरावीक क्रमांकाच्या मतदाराच्या हातात एक कागद देतात. त्यातला उत्पन्नाचा प्रश्न आदल्या वर्षीच्या अख्ख्या कुटुंबाच्या मिळकतीचा असतो आणि उत्तर खणांत द्यायचं असतं: 30 हजार डॉलरच्या आत, 30 ते 50 हजार, 50 हजार ते 1 लाख, आणि पुढे. 2016 मध्ये 50 हजारांच्या आतल्या मतदारांत हिलरी क्लिंटन साधारण 12 टक्क्यांनी पुढे होत्या. 50 हजार ते 1 लाख या खणात ट्रम्प 49, क्लिंटन 46. 'देशापुढचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अर्थव्यवस्था' असं म्हणणाऱ्यांतही क्लिंटन 52, ट्रम्प 41. तुमच्या वाक्याची गाडी इथेच अडते. पण तुम्हाला सोपा विजय नको आणि मलाही नको, कारण या आकड्यांत एक फसगत आहे. कमी उत्पन्नाच्या खणात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मतदार जास्त असतात आणि क्लिंटनची आघाडी बरीचशी त्यांच्यामुळे आहे. फक्त गोरे मतदार वेगळे काढले की उत्पन्नाप्रमाणे चढणारी-उतरणारी रेषा सपाटीला येते. सपाट होत नाही ती शिक्षणाची रेषा. पदवी नसलेला, स्वतःची व्हॅन आणि दोन मदतनीस असलेला प्लंबर शाळेतल्या शिक्षिकेपेक्षा जास्त कमावतो. मतदानात मात्र दोघं पदवीच्या रेषेच्या दोन बाजूंना सापडण्याची शक्यता जास्त. 'पदवी नाही' म्हणजे 'गरीब' असं धरून निम्म्या वर्तमानपत्रांनी तेव्हा लेख छापले. तुमची प्रतिक्रिया त्याच पंथातली.

दुसरी फसगत नमुन्याची. एक्झिट पोलप्रमाणे पदवी नसलेले गोरे एकूण मतदारांत 34 टक्के होते. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने मतदारयादीच्या नोंदी ताडून, खरंच मतदान केलेल्यांचं जे सर्वेक्षण छापलं, त्यात हेच प्रमाण 44 टक्के आलं. शिकलेले लोक कागद भरून देतात, बाकीचे हात झटकून निघून जातात. राज्यपातळीवरचे बरेच चाचणीकार 2016 मध्ये शिक्षणाचं वेटेज (नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटाला त्याच्या खऱ्या प्रमाणाइतकं वजन देणं) लावत नव्हते. मध्य-पश्चिमेतल्या राज्यांचे अंदाज कोसळले त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून कुणी 'एक्झिट पोल म्हणतो' असं सुरू केलं की मी आधी विचारतो, वेटेज कुठलं?

आता मुद्द्यावर. रिकाम्या पोटाला रंग दिसत नसेल, तर एकाच कारखान्याच्या टाळ्यामागे अडकलेल्या गोऱ्या आणि काळ्या कामगारांनी एकाच दिशेला जायला हवं. मिशिगनमधलं फ्लिंट शहर घ्या. 1970 च्या दशकात जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या तिथे 80 हजारांच्या आसपास नोकऱ्या होत्या. पुढे त्या 10 हजारांच्याही खाली आल्या. वर 2014 पासून नळाला शिशाचं पाणी. डेट्रॉइटची महापालिका 2013 मध्ये दिवाळखोरीत गेली. आर्थिक धास्तीचं माप असेल तर इथले कृष्णवर्णीय मतदार त्यात सगळ्यांच्या पुढे बसतात. ते ट्रम्पकडे गेले का? नाही. त्यांच्यातले बरेच मतदानालाच गेले नाहीत. डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) आहे, तिथे क्लिंटनना 2012 च्या ओबामांपेक्षा 75 हजारांहून जास्त मतं कमी पडली. शेजारची मॅकम काउंटी बहुसंख्य गोरी, गाड्यांच्या कारखान्यांवर पोसलेली; तिने ओबामांना दोनदा निवडलं आणि 2016 मध्ये ट्रम्पना सुमारे 48 हजारांची आघाडी दिली. धंदा एक, मंदी एक. एकीकडे मतदार घरी बसला, दुसरीकडे पक्ष बदलला. मी या पट्ट्यात राहतो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. 'एसीत बसून पांडित्य' हे विशेषण दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवा.

हा माझा अंदाज नाही. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न, गॉर्डन हॅन्सन आणि कावेह मजलेसी या चौघा अर्थशास्त्रज्ञांचा 2020 चा अभ्यास नेमका यावर आहे. 2001 च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि ज्या भागांत चिनी मालाशी थेट स्पर्धा होती तिथले कारखाने आडवे झाले. त्या भागांच्या राजकारणाचं काय झालं, हे त्यांनी तपासलं. जिथे गोरे बहुसंख्य होते तिथे हा फटका बसल्यावर कट्टर उजवे रिपब्लिकन निवडून येण्याची शक्यता वाढली. जिथे अल्पसंख्याकांचीच बहुसंख्या होती तिथे डावीकडे झुकलेले डेमोक्रॅट निवडून येण्याची शक्यता वाढली. पुन्हा वाचा. आर्थिक धक्का तोच, दिशा उलटी. धक्का खोटा आहे असं मी कुठेही म्हणत नाही. तो माणसाला कुठल्या बाजूला ढकलेल, हे वंश ठरवतो. लेखाचा सारांश इतकाच होता आणि तुम्ही तो वगळून बाकी सगळं वाचलंत.

शिवाय 'आर्थिक चिंता' ही आकडेवारीत फार निसरडी गोष्ट आहे, कारण माणूस पक्ष बघून चिंता करतो. गॅलप या जनमत चाचणी संस्थेने निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात विचारलं तेव्हा 'अर्थव्यवस्था सुधारते आहे' असं म्हणणारे रिपब्लिकन 16 टक्के होते. निकाल लागल्यावर लगेच 49 टक्के. डेमोक्रॅट त्याच काळात 61 वरून 46 वर उतरले. त्या काही दिवसांत कुणाचाही पगार वाढला नव्हता, कुठलाही कारखाना उघडला नव्हता. म्हणून 'तुम्हाला अर्थव्यवस्थेची काळजी वाटते का' या उत्तरावरून मत समजावून सांगणं म्हणजे घोड्यापुढे गाडी. नोकरी गेली का, कर्जाचा हप्ता थकला का, दवाखान्याचं बिल भरता आलं का, असे प्रश्न घ्यावे लागतात. आणि ते घेतले की वैयक्तिक हलाखीचा ट्रम्पच्या मताशी संबंध बराच पातळ होतो.

वंशाबद्दलचं मत कसं मोजतात, त्याचीही तुम्ही टिंगल केलीत ('गोऱ्यांच्या डोक्यात मीटर लावलं होतं का?'). मीटर नाही, चार विधानं असतात. त्यातलं एक साधारण असं: आयरिश, इटालियन, ज्यू यांनी पूर्वग्रहांवर मात करून वर येऊन दाखवलं, कृष्णवर्णीयांनीही खास सवलती न घेता तेच करावं. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच पर्याय. चारपैकी दोन विधानं उलट्या दिशेची असतात, म्हणजे त्यांच्याशी सहमती हे कृष्णवर्णीयांच्या बाजूचं उत्तर असतं. बेरीज करण्याआधी ती फिरवायची राहिली तर ती एकमेकांना खाऊन टाकतात आणि 'काहीच संबंध सापडला नाही' असा निष्कर्ष निघतो. अमेरिकन नॅशनल इलेक्शन स्टडीज या निवडणूक सर्वेक्षणाच्या 2016 च्या फायलीत साधारण 4,270 माणसं आहेत, फाइल फुकट उतरवता येते. ही विधानं मतदानानंतरच्या फेरीत विचारली आहेत, तेव्हा वेटेजही त्याच फेरीचं लावायचं. आणि पक्षनिष्ठा हा घटक समीकरणात टाकताना हात आखडता घ्या, कारण ती स्वतःच थोडीफार वंशाच्या प्रश्नातून घडलेली असते. ती धरली की वंशाचा परिणाम उगाच लहान दिसतो.

खरा आक्षेप इथे घेता आला असता. कुणालाच सवलत नको असं मानणारा तत्त्वनिष्ठ उजवाही या मापात वर जातो, म्हणजे वंशाबद्दल आकस असल्यासारखा दिसतो. हे मापावरचं जुनं आणि वजनदार टीकास्त्र आहे. दुसरा आक्षेप, मत दिल्यावर माणूस आपली उत्तरं मताला जुळवून घेतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच माणसांकडे परत जाणं: 2011-12 मध्ये मुलाखती झालेल्यांपैकी सुमारे 8,000 जणांना डिसेंबर 2016 मध्ये पुन्हा विचारलं गेलं. ओबामांच्या काळात दिलेली वंशविषयक उत्तरं 2016 च्या मताशी 2012 पेक्षा जास्त घट्ट जुळली. अर्थव्यवस्थेबद्दलची तशी जुळली नाहीत. 'ओबामाला मत देणारा वंशद्वेष्टा कसा' याचं उत्तरही इथेच आहे. 2012 मध्ये मिशिगनमध्ये चर्चा मोटार कंपन्या वाचवल्याची आणि ओबामांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी यांच्या गुंतवणूक कंपनीची होती. 2016 मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीची. माणूस तोच, त्याच्या कुठल्या मताला हात घातला गेला ते बदललं. पण तुम्हाला मीटरचा विनोद करायचा होता.

बाकीचं भराभर. बायकांबद्दल: पुरुषांवर खापर मी फोडलेलं नाही. पदवी नसलेल्या गोऱ्या बायकांनी एक्झिट पोलप्रमाणे 61 विरुद्ध 34 असं ट्रम्पना मत दिलं, पदवीवाल्यांनी 51 विरुद्ध 44 असं क्लिंटनना, कृष्णवर्णीय बायकांनी 94 टक्के क्लिंटनना. 'बायका साध्या बोलण्यातही लिंगभेद शोधतात' या सर्वेक्षणातल्या विधानाला बायकाही सहमती देतात, आणि ज्या देतात त्या वेगळं मत देतात. लिंगभेदाचं माप बाईपुरुष बघत नाही. हे लेखात होतं, तिसरा परिच्छेद.

2024 बद्दल: टेक्सासची स्टार काउंटी जवळजवळ पूर्ण लॅटिनो. 2016 मध्ये क्लिंटन तिथे 60 टक्क्यांनी पुढे, 2020 मध्ये बायडेन फक्त 5 ने, आणि 2024 मध्ये ट्रम्प 16 ने. शंभराहून जास्त वर्षांत पहिला रिपब्लिकन विजय. जून 2022 ची 9.1 टक्के महागाई यात आहेच. लेख 2016 च्या निवडणुकीचा होता. शीर्षकात वर्ष लिहिलं होतं.

ठाणेदारांबद्दल: उदाहरण तुम्ही दिलंत, नीट बघून द्यायला हवं होतं. 2022 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) नऊ उमेदवार होते, बहुतेक कृष्णवर्णीय. त्यांची मतं फुटली आणि ठाणेदार साधारण 28 टक्क्यांवर जिंकले. अनेक दशकांत पहिल्यांदा डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही, आणि हे टाळण्यासाठी तिथल्या पुढाऱ्यांनी एकाच उमेदवारामागे उभं राहण्याची खटपट आधीच केली होती. याला तुम्ही 'वंश आला कुठून' म्हणता.

पगाराबद्दल काही सांगणार नाही. यापुढे आकडा टाकाल तर तो कुठल्या सर्वेक्षणातला, कुठल्या गटाचा आणि कुठल्या वर्षाचा ते सोबत लिहा, नाहीतर प्रतिक्रिया मंजूर होणार नाही. ही आधीची मी तशीच ठेवली आहे, लाइकसकट.