अर्धा चतुर, अर्धी टाचणी? नाही हो!

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय: 'हिमालयात नुकताच सापडला डायनासोरच्या काळातला कीटक, अर्धा चतुर अर्धी टाचणी, दोघांचाही पूर्वज, जगात दुसरीकडे कुठेच नाही, शास्त्रज्ञांना तिसरा गट करावा लागला.' चतुर आणि टाचणी हे पाण्याजवळ उडणाऱ्या कीटकांचे दोन जवळचे गट, चतुर जाडजूड, टाचणी बारीक. फॉरवर्डमधला कीटक खरा आहे, एपिओफ्लेबिया लेडलॉई, दार्जिलिंग-नेपाळ-भूतानकडे डोंगरातल्या थंड ओढ्यांजवळ असतो. बाकी तिखटमीठच जास्त.

'नुकताच' म्हणजे कधी? दार्जिलिंगजवळ याची अळी मिळाली १९१८ ला, कीटकशास्त्रज्ञ टिलयार्डनं नाव दिलं १९२१ ला, तेही नुसत्या अळीवरून, प्रौढ कीटकाचं वर्णन यायला १९६३ उजाडलं.

पूर्वज म्हणाल तर आज जिवंत असलेला कीटक आजच्याच दुसऱ्या कीटकाचा पूर्वज कसा असेल, फारतर चुलत भाऊ असेल ना. गोंधळ का होतो ते कळतं, पुढचे-मागचे पंख जवळपास सारखे, बुडाशी निमुळते, बसला की मिटलेले, अगदी टाचणी, आणि अंग मात्र चतुरासारखं जाडजूड. पण डीएनए बघितलं की तो सरळ चतुरांच्या बाजूला जाऊन बसतो. अळीच बघा, टाचणीच्या अळीला मागे पानांसारखे तीन कल्ले बाहेर असतात, हिला ते नाहीतच, ही चतुराच्या अळीसारखी मागच्या बाजूने पाणी आत ओढून आतल्या कल्ल्यांनी श्वास घेते. आणि हातात धरली तर मागचे पाय पोटाच्या कडांवर घासून आवाज काढते, हे भारी आहे, पण फॉरवर्डवाल्याला याचा पत्ताच नाही.

तिसरा गट हे अर्धवट खरं, म्हणून जास्त वैताग. अ‍ॅनिसोझायगोप्टेरा हा गट कीटकशास्त्रज्ञ हँडलिर्शनं १९०६ ला केला तो जीवाश्मांसाठी, आपला हिमालयवाला तेव्हा कुणाला माहीतही नव्हता. पुढे कळलं की ते नुसतं गाठोडं आहे, कुठेच न बसणारे जीवाश्म त्यात कोंबलेत, सगळे एका वंशाचे नाहीत. आता काहीजण ते नाव फक्त एपिओफ्लेबियापुरतं ठेवतात, काहीजण त्याला चतुरांसोबत एपिप्रॉक्टा या एकाच मोठ्या गटात घालतात.

'दुसरीकडे कुठेच नाही' तर साफ चूक. जपानमधला भाऊ, एपिओफ्लेबिया सुपरस्टेस, १८८९ पासून माहीत आहे आणि २०१२ ला चीनमधूनही नोंद झाली. गंमत म्हणजे जपानी आणि हिमालयी भावांच्या जनुकांत फरक इतका थोडा निघाला की हिमयुगापर्यंत त्यांचा एकमेकांशी संबंध असावा असं अभ्यासकांनी मांडलंय, मग डायनासोरच्या काळापासून जसाच्या तसा हे कुठून आलं? ज्युरासिकचे म्हणून जे जीवाश्म दाखवतात ते दूरचे नातेवाईक, एपिओफ्लेबियाचा स्वतःचा जीवाश्म अजून मिळालेला नाही.

आणि फॉरवर्डसोबतचा फोटो! पिवळट अंग, मागचे पंख बुडाशी चांगले रुंद, बसलाय तोही पंख पसरून. अहो, हा पँटाला नावाचा साधा चतुर, पावसाळा सरताना आपल्याकडे मैदानांवर ज्याचे थवेच्या थवे घिरट्या घालतात तो.