फोटो जरूर शेअर करा, पण त्याचं नावगाव कापू नका

जुने फोटो, विस्मरणात गेलेली चित्रं, कुठल्याकुठल्या संग्रहालयांतल्या अजब वस्तू असं सगळं मी या वॉलवर टाकत असते. कशाचा कशाला मेळ नाही, असं काहीजण म्हणतात. तो नसावा अशीच माझी इच्छा आहे. हिमकण बघायला आलेला माणूस शेजारच्या काचेच्या फुलांपाशी थबकतो, हे मला फार आवडतं. पण एका बाबतीत मी हट्टी आहे. चित्र पुढे जाताना त्याची माहिती सोबत गेलीच पाहिजे. कोणी केलं, कधी, कशानं, आणि मूळ वस्तू आज कुठे आहे.

त्या काचेच्या फुलांचंच घ्या. लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी ड्रेस्डेनजवळ बसून हार्वर्ड विद्यापीठासाठी वनस्पतींचे चार हजारांहून जास्त नमुने काचेत घडवले. १८८७ ला सुरू झालेलं काम १९३६ पर्यंत चाललं. वडील गेल्यावर मुलानं एकट्यानं पुढे नेलं. नुसता फोटो टाकला तर लोक ‘सुंदर फूल’ म्हणून अंगठा देतात आणि पुढे सरकतात. ही काच आहे, हे कळल्यावरच डोळे त्या पाकळीच्या कडेवर खिळतात. इथे माहितीची ओळ काढली की चित्रच हरवतं.

दुसरं उदाहरण प्रोकुदिन-गोर्स्की यांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा माणूस रशियन साम्राज्यभर फिरून रंगीत फोटो काढत होता. निळ्या, हिरव्या आणि लाल गाळणीतून एकापाठोपाठ एक असे तीन कृष्णधवल फोटो एकाच काचेच्या पट्टीवर घ्यायचे, आणि नंतर तिन्ही रंगांचा प्रकाश पडद्यावर एकावर एक टाकायचा. निळ्या झग्यातल्या बुखाऱ्याच्या अमिराचा त्यांनी १९११ मध्ये काढलेला फोटो तुम्ही कधीतरी पाहिला असेल. काचांचा हा संग्रह १९४८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं विकत घेतला. हे फोटो फिरतात तेव्हा खाली हमखास कोणीतरी लिहितं, ‘कॉम्प्युटरवर रंगवलेलं दिसतंय.’ ते तीन फोटो एकावर एक जुळवायला आता कॉम्प्युटर वापरला जातो हे खरं, पण रंग त्या दिवशीच्या उजेडातले आहेत. वाहतं पाणी असलेला फोटो निरखून बघा. तीन फोटोंच्या मधल्या वेळात पाणी हललं, म्हणून लाटांच्या कडांना रंगीत झालर आलेली दिसते. मला ती झालर मूळ चित्राइतकीच प्रिय आहे.

याच्या उलट, मुळात कृष्णधवल असलेले फोटो रंगवून ‘त्या काळचं खरं दृश्य’ म्हणून पाठवले जातात, ते मला अजिबात पटत नाही. फोटो काढायच्या जुन्या काचांना निळा प्रकाश पटकन जाणवायचा आणि लाल जवळपास जाणवायचाच नाही. त्यामुळे आकाश पांढरंफटक येई आणि लाल कापड काळपट. त्या करड्या छटेवरून साडी कुठल्या रंगाची होती हे कोण सांगणार? रंगवायचं तर रंगवा, पण तसं लिहा आणि शेजारी मूळ फोटो ठेवा.

खोट्या गोष्टींचं तर पेवच फुटलंय. एकोणिसाव्या शतकातल्या उभ्या माणसाच्या पायांमागे लोखंडी स्टँडचा तळ दिसला की ‘मृतदेह उभा करून काढलेला फोटो’ म्हणून तो सगळीकडे फिरतो. तो स्टँड जिवंत माणसासाठी असे. एक्स्पोजर लांबलचक असायचं, तेवढा वेळ मान स्थिर राहावी म्हणून त्याचा आधार घेत. मृतदेहाचं वजन त्याला पेललंच नसतं. मृतांचे फोटो त्या काळी खरंच काढले जात. बहुतेक वेळा माणूस बिछान्यावर असे आणि मूल आईच्या मांडीवर. ते दुःख खरं आहे, आणि त्याची अशी जत्रा केलेली मला सहन होत नाही.

नाव गळून पडलं की किती काळ हाती लागत नाही, याचं उदाहरण अ‍ॅना अ‍ॅटकिन्स. त्यांनी १८४३ पासून समुद्री शैवालांचे सायनोटाइप, म्हणजे उन्हात कागदावर उमटवलेले निळे ठसे, पुस्तकरूपात प्रसिद्ध करायला घेतले. फोटोंनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. प्रस्तावनेखाली फक्त ‘ए. ए.’ अशी सही होती. पुढे एका संग्राहकानं त्याचा अर्थ लावला, ‘अ‍ॅनॉनिमस अमॅच्युअर’, म्हणजे कोणी अनाम हौशी! इतक्या चिकाटीनं काम केलेल्या बाईच्या वाट्याला हे आलं. आज कोपऱ्यातली सही कापून त्यावर स्वतःच्या पेजचा शिक्का मारणारे हेच करताहेत, तेही जाणूनबुजून.

आणि शोधणं आता अवघड राहिलेलं नाही. रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे चित्र देऊन ते मुळात कुठलं हे शोधणं, फोनवरच होतो. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०१७ मध्ये आणि अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालय-समूहानं २०२० मध्ये लाखो चित्रं कुणालाही वापरायला मोकळी केली, प्रत्येकाच्या नोंदीसकट. नोंद क्रमांक कॉपी करायला कितीसा वेळ लागतो? एआयनं बनवलेले ‘जुने फोटो’ आता खऱ्यांत मिसळू लागलेत, तेव्हा त्या क्रमांकाची गरज आणखी वाढली आहे.

अडचण तिथे येते जिथे मूळ मजकूरच वाईट असतो. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारच्या आश्रयानं निघाले. त्यातल्या कितीतरी फोटोंखाली माणसाचं नाव नाही, नुसती जात किंवा जमात आहे, आणि अख्ख्या समाजांना दगाबाज वगैरे ठरवणारी वर्णनं आहेत. हे फोटो मी टाकते तेव्हा तो मजकूर लपवत नाही. तो कोणी, कधी आणि कोणत्या सत्तेखाली लिहिला हे सांगूनच टाकते. समोर बसलेल्या माणसाचं नाव मात्र बहुतेकदा मला देता येत नाही. अशा एखाद्या चेहऱ्याचं नाव कुणाला खात्रीशीर नोंदीतून सापडलं, तर पोस्टखाली जरूर लिहा. मी त्याच दिवशी मूळ पोस्टमध्ये ते घालेन.