दीक्षाभूमीवर पाहायला काय आहे असं विचारलं म्हणून

मागच्या आठवड्यात मायले घेऊन नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाऊन आलो आणि दोन फोटो स्टेटसला टाकले. संध्याकाळी ओळखीतल्या एकाचा फोन आला. म्हणे, "का रे भाऊ, दसरा नाही, १४ एप्रिल नाही, मधातच काऊन गेलता? आन तसंही तिथं पाहाले का आहे, एक घुमट तर आहे." माणूस चांगला आहे, अडल्या-नडल्याला धावून येणारा आहे, वाईट मनानं त्यानं विचारलंच नाही, म्हणून मला फोनवर काही बोलता आलं नाही. पण तेव्हापासून डोक्यात तेच फिरून राहिलं आहे. लिहिल्याशिवाय जाणार नाही म्हणून लिहितो, लांब होईल, ज्याला वेळ आहे त्यानं वाचा.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात. माय आता सत्तरीला टेकली. लग्नाआधी तिच्या बापासोबत आणि लग्नानंतर गावच्या बायकांसोबत ती दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाते, दोन बाळंतपणं आणि कोरोनाचा काळ सोडला तर खंड नाही. कधी एसटीनं, कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आता चार-पाच वर्षांपासून सगळे वर्गणी करून गाडी करतात. आदल्या रात्री भाकरी, चटणी, चिवडा, दोन चादरी, पाण्याची कॅन. लहानपणी मीही जायचो. तिथं गेलं की एक ठरलेली जागा असायची, कंपाउंडजवळ झाडाखाली, सतरंजी टाकायची, सगळ्यांच्या पिशव्या मधात ठेवायच्या आणि पिशव्यांजवळ माझी माय बसायची. बाकीचे आत जाऊन यायचे. रांग दोन तास, कधी तीन तास. ते येईपर्यंत लहान लेकरं झोपलेली, म्हाताऱ्या दमलेल्या, कोणाचं पोट दुखून राहिलं, मग माय म्हणायची, राहू दे, पुढच्या साली जाऊ.

एवढ्या वर्षांत ती आत किती वेळा गेली असेल? मी बसमध्ये विचारलं. तिनं बोटं मोजली नाही, लगेच सांगितलं, "दोन डाव." त्यातल्या एका वेळेस गर्दीनं ढकलत नेलं आणि ढकलत बाहेर काढलं, पायाखालची फरशी सोडून काही दिसलं नाही म्हणे.

मी स्वतः किती वर्षं तिच्याजवळ पिशवी टाकून मित्रांसोबत आत गेलो, पुस्तकांच्या दुकानांवर फिरलो, कुठं काय फुकट जेवण मिळतं ते शोधत हिंडलो, आणि एकदाही म्हटलं नाही की माय, तू जा, मी बसतो. चाळिशी ओलांडल्यावर हे ध्यानात आलं, त्याचं मला फार वाईट वाटते. म्हणून यावेळेस मुद्दाम साधा दिवस धरला, मंगळवार, ना गर्दी ना काही.

सकाळची एसटी. मायचं अर्ध तिकीट, खिडकीची सीट. भिवापूरच्या अलीकडे वाळू घातलेल्या मिरचीनं शेतंच्या शेतं लाल दिसत होती, मग उमरेडचे कोळशाचे ट्रक आणि ती काळी धूळ. रस्ताभर माय बोलत होती. ती घरी एवढी बोलत नाही, कामात असते.

तिनं जे सांगितलं ते मी तुकड्या-तुकड्यात आधी ऐकलं होतं, सलग पहिल्यांदाच ऐकलं. १९५६ च्या दसऱ्याला, म्हणजे १४ ऑक्टोबरला, माझे आजोबा-आजी, मायचे मायबाप, बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपूरला गेले होते. आजीला सहावा महिना होता आणि पोटात माझी माय. जन्म १९५७ च्या जानेवारीतला. म्हणून ती म्हणते, "मी पोटातूनच दीक्षा घेतली." तर झालं असं की पांढरे कपडे घालून या असा निरोप गावोगाव आलेला. पुरुषांचं ठीक होतं, धोतर पांढरंच असते. पण आजीजवळ पांढरं लुगडं कुठलं? त्या काळी सवाष्ण बाईनं पांढरं नेसायचंच नाही, नवऱ्याच्या जिवाला अपशकून समजायचे. पांढरं लुगडं गावात होतं ते एका विधवा म्हातारीजवळ. आजीनं तिच्याकडून मागून आणलं. आजीची सासू रडली म्हणे, पोटुशी बाई पांढरं नेसून घराबाहेर पडते, काय होईन. आजी म्हणाली, "बाबासाहेबानं सांगितलं ना, मंग अपशकून काहीचा नाही." आणि नेसून गेली.

मी हे परत परत मनात घोळवतो. धम्म घेताना पाळायच्या बावीस प्रतिज्ञा तर बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबरला त्या मैदानावर दिल्या, पण माझ्या आजीनं पहिली प्रतिज्ञा आदल्या रात्री घरीच पाळली, सासूसमोर, दुसऱ्याचं लुगडं नेसून.

भिक्खू चंद्रमणी महास्थवीरांनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना दीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी स्वतः समोर बसलेल्या लाखो लोकांना दिली, हे सगळ्यांना माहीत आहे. आजीला त्यातलं काय आठवायचं, तर एकदम सगळे उभे राहिले तेव्हाचा आवाज. कपड्यांचा आवाज. लाखो माणसं एका वेळी उभी राहिली की कपड्यांचाही आवाज येते, असं आजी मायला सांगायची. बाबासाहेब तिला दुरून दिसले, चेहरा नाही, फक्त पांढरं. गावी आल्यावर आजोबांनी देव्हाऱ्यातले देव वैनगंगेत सोडले. मग ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेल्याची बातमी. आजीचे दिवस भरत आलेले. दोन दिवस आमच्या मोहल्ल्यात चूल पेटली नाही.

आजोबांना आणखी एक गोष्ट आयुष्यभर टोचत होती. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातूनच लढले आणि हरले. "आपल्या जिल्ह्यानं बाबासाहेबाले पाडलं," हे आजोबा मरेपर्यंत म्हणत राहिले, जसं काही त्यांच्या एकट्याच्या हातानं झालं. दोन वर्षांनी सहा महिन्यांच्या पोटुशा बायकोला घेऊन नागपूरला जायची हिंमत कुठून आली असेल, तर मला वाटते त्यातूनच आली असेल.

नागपूरच्या स्टँडवरून ऑटोनं दीक्षाभूमी. गेटच्या आत पाय ठेवला आणि माय थांबली. एवढं मोकळं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. एका शाळेची सहल, चार-दोन बाहेरचे लोक, झाडूवाल्या बाया. समोर तो स्तूप. १२० फूट उंच आणि तेवढाच रुंद, आतून पूर्ण पोकळ. १९७८ ला काम सुरू झालं आणि १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हातून उद्घाटन झालं. पण मायजवळ त्याचा वेगळाच हिशेब आहे. "पहिले इथं नुसतं मैदान होतं, धूळ उडे. मंग खड्डे दिसले. मंग खांब. तुह्या जन्माच्या साली लयच बुटकं होतं." वर्षातून एकदा, दसऱ्याला, पिशव्यांजवळ बसून तिनं तो स्तूप वर येताना पाहिला आहे, बावीस-तेवीस वर्षं. निवांत जवळ जाऊन हात लावायला मात्र २०२० चं दशक अर्धं संपावं लागलं.

आणि आता जे झालं त्यासाठीच खरं तर मी लिहायला बसलो.

स्तूपाच्या पायऱ्यांजवळ चपला काढल्या. मी खिशात मोबाईल टाकून मागं वळून पाहिलं तर माय खालच्या पायरीवर बसलेली, पिशवी मांडीवर, माझ्या चपला आपल्या चपलांच्या बाजूला जोडून ठेवलेल्या, आणि म्हणते, "जा, तू पाहून ये. चपला-पिशवी माह्याजवळ राहू दे."

दुसरं कोणी नव्हतं आमच्यासोबत. तिच्यासाठीच आलो होतो. तरी ती बसली, तिच्या अंगालाच ती सवय झालेली. मला बोलता येईना. तिचा हात धरून उठवलं, म्हटलं चपला गेल्या तर जाऊ दे, नवीन घेऊ. तिनं दोनदा मागं वळून पाहिलं, मग आली. पिशवी मात्र काखेत धरूनच.

आत गेल्यावर थंडगार. एवढा मोठा घुमट डोक्यावर आणि मधात एकही खांब वर जात नाही. बुद्धाच्या मूर्तीसमोर तिनं गुडघे टेकले, गुडघे दुखतात तरी टेकले, त्रिशरण-पंचशील पूर्ण म्हटलं, हळू आवाजात, पण घुमटामुळे तिचाच आवाज वरून तिच्याकडे परत येत होता. ती थांबून ऐकायची आणि मग पुढची ओळ म्हणायची. बाबासाहेबांच्या अस्थी इथं आहेत हे तिला माहीत होतं, पण कुठं ते माहीत नव्हतं. मी दाखवलं. तिथं ती बराच वेळ बसली. काही मागितलं नाही. तिथं मागायचं काही नसतेच, ना नारळ, ना नवस, ना अभिषेकाची पावती, ना व्हीआयपी रांग. तिकीटही नाही. नुसतं बसायचं. मायनं सहलीतल्या एका पोरीला जवळ बोलावून विचारलं, कोणत्या वर्गात आहेस, कोणतं गाव, आणि पिशवीतला चिवडा काढायला लागली तर मी म्हटलं माय, इथं नको.

बाहेर येऊन बोधिवृक्षाखाली बसलो. हे झाड श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या रोपापासूनचं, भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणलेलं. मायनं खाली पडलेली दोन पिंपळपानं उचलली, पदरानं पुसली आणि कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून ठेवली. मग स्तूपाकडे पाहत म्हणे, "आपल्या टेकडीसारखाच आहे गोल." पवनीची जगन्नाथ टेकडी. १९६९-७० ला नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं तिथं खोदकाम केलं आणि दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. तिकडच्यांना ठाऊक आहे, पण नागपूर-अमरावतीच्या चांगल्या शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते. त्या खोदकामावर माझी आजी रोजीनं मातीची टोपली वाहायला होती, माय तेव्हा बारा-तेरा वर्षांची, डबा घेऊन जायची. म्हणजे पाहा, आजीनं १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली आणि चौदा वर्षांनी आपल्याच गावाच्या बाजूला मातीखालून बुद्धाचा स्तूप डोक्यावर टोपल्या वाहून बाहेर काढला. तिला तेव्हा कोणी सांगितलं असेल का की बाई, हे तुझंच आहे? बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबरच्या भाषणात नागपूरच का निवडलं ते सांगितलं होतं, नाग लोकांनी बौद्ध धम्म पसरवला, हा त्यांचा मुलूख. आजीच्या डोक्यावरची माती त्याच मुलुखाची. मला तर हे सांगतानाही अंगावर काटा येते.

मग मायला तिची जागा पाहायची होती. दसऱ्याची, सतरंजीची. आम्ही कंपाउंडच्या कडेनं फिरलो, इकडून गेलो, तिकडून गेलो. तिला सापडेना. एवढ्या वर्षांची जागा, डोळे मिटून सांगेल असं वाटलं होतं. एका झाडाजवळ थांबली, मान हलवली, पुढं गेली. शेवटी म्हणाली, "लोकं नाही ना, म्हणून वळखू नाही येऊन राह्यली." तिच्या जागेच्या डाव्या अंगाला चिमूरकडच्या बाया असतात, मागं यवतमाळकडचं एक कुटुंब, समोर पुस्तकाचं दुकान. ते सगळे असले की मधात तिची जागा असते.

इथं मला माझी चूक कळली. मी समजत होतो की गर्दीनं माझ्या मायचं दर्शन हिरावलं आणि मी आता तिला शांत, रिकामी, खरी दीक्षाभूमी दाखवून राहिलो. जेवताना मी विचारलंही, बरं वाटलं ना आज? म्हणे, "लय बरं वाटलं. आतून पाह्यलं, मन भरलं. पण दसऱ्याले येनंच लागते. आज मी एकटीच होती."

दसऱ्याच्या दिवशी गाड्या भरून येतात, रस्ते बंद होतात, आणि त्यावर दरवर्षी कुरकुर होते, कचरा किती, गर्दी किती, कशाला येतात एवढे लोक. मीही ऑफिसमध्ये ऐकून घेतलं आहे, गप्प बसलो आहे. आता नाही बसणार. त्या गर्दीत माझी माय असते, निघताना सतरंजीखालची जागा हातानं साफ करून उठणारी. तिच्या बाजूला चिमूरची बाई असते, जिचं नाव मायला माहीत नाही पण लेकीचं बाळंतपण कसं झालं ते माहीत आहे. फक्त चौथी शिकलेली माझी माय दरवर्षी त्या गर्दीतून माझ्यासाठी एक पुस्तक आणायची, दुकानदाराला विचारायची, सातवीतल्या पोराले कोणतं देऊ. माझ्या घरातलं अर्धं कपाट त्या पुस्तकांचं आहे. भाऊ, तू विचारलं ना पाहाले का आहे, तर घुमट तर आहेच, मोठा आहे, सुंदर आहे, एकदा आतून पाहून घे. पण मायबापाला सोबत घेऊन जा आणि त्यांना बोलू दे. आणि मग एकदा दसऱ्यालाही ये, आमच्या गाडीत जागा करू.

परतीच्या बसमध्ये मी मायला म्हटलं, यंदा दसऱ्याले पिशव्यांजवळ मी बसतो, तू आत जा. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मोजायला लागली, निळी नायलॉनची आत्याची, तिच्यात बीपीच्या गोळ्या आहेत, दुपारी दोनला द्या लागते. खताच्या चुंगडीची शिवलेली ती घराशेजारच्या काकूची, तिच्यात पैसे खाली असतात, डब्याच्या खाली, कोनाले सांगजो नको. लाल चेनवाली सुनेची, चेन तुटली आहे, सेफ्टी पिन लावा लागते. तुले राहीन का हे सगळं ध्यानात? मी म्हटलं राहीन. उमरेड येईपर्यंत तिनं मला सगळ्या पिशव्या पाठ करायला लावल्या.